बोंब होईपर्यंत बंद

३ तारीख, सोमवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. महिनाअखेर जे काही होईल त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटणार. मी काय काय केलं होतं ते तेव्हा निदान मला तरी आठवायला हवं.

झालंय असं की आमच्या हॉस्पिटलचा सर्व्हर धापा टाकतोय. लॅब, एक्स-रे, औषधांचं स्टोअर, नोंदणीची खिडकी आणि कानांचा विभाग, या पाच जणांचा गाडा ते एकटं यंत्र ओढतं आणि त्या यंत्राचा राखणदार मी. हल्ली दुपार झाली की सगळं ठप्प होतं. आज मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. नवं यंत्र यंदा मिळणार नाही म्हणाले. महिनाअखेरपर्यंत ताण कमी करा, नाहीतर पाचांतला एक विभाग सर्व्हरवरून उतरवा. "कुठला ते तुम्हीच सांगा. आकडे तुमच्याकडे आहेत."

आकडे आहेत, आणि ते माझ्या पहाऱ्याचे आहेत. पहारा म्हणजे मी स्वतः लिहिलेला प्रोग्राम. दर मिनिटाला तो सर्व्हरला विचारतो, बाबा रे, कसा आहेस, किती ताण आहे, कोण किती फायली उघडतंय. उत्तराची हिरवी रेघ माझ्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर उमटते. फार देखणी चीज आहे. येणारा-जाणारा पाहत उभा राहतो. तर पहारा सांगतो, सगळ्यात जास्त भार कानांच्या विभागाचा. पोरांच्या चाचण्यांचे आवाज साठवलेल्या अगडबंब फायली असतात त्यांच्या.

माझी पंचाईत इथेच आहे. खारू, माझी नऊ वर्षांची पुतणी, त्याच विभागात जाते. तिच्या दोन्ही कानांना मशीन आहे. आता नवी मशीन आली आहेत, पण ती तिच्या कानांना जुळवून देताना जुन्या सगळ्या चाचण्या सर्व्हरवरून उघडाव्या लागतात. दोनदा ऐन मध्यावर सर्व्हर अडकला आणि पोरगी तशीच परत आली. विभाग उतरवला तर तिथल्या डॉक्टरीणबाईंना तो बंदच करावा लागेल, मग पोरांना पार दुसऱ्या शहरात न्यायचं.

मी राहतो दादा-वहिनीकडेच. घरी हे कुठल्या तोंडाने सांगू?

४ तारीख, मंगळवार

सांगायची वेळच आली नाही! सकाळी मोठे साहेब म्हणाले, मुख्य ऑफिसने मदतीला जाणकार माणूस पाठवलाय, महिनाभर इथेच बसेल. दार उघडून पाहतो तर वहिनी. मुख्य ऑफिसात नोकरी तिची, पण काल रात्री जेवताना एक अक्षर बोलली नाही. "तुम्हाला सांगितलं असतं तर रात्रभर झोपला नसता," म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात ठराव झाला. इथे वहिनी नाही, मॅडम. तू नाही, तुम्ही. मी मान डोलावली. अन् तासाभरात पाचही विभागप्रमुखांसमोर तीच म्हणाली, "भाऊजी, ती खुर्ची इकडे सरकवा."

झालं. संध्याकाळपर्यंत फाटकावरच्या वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांचा मी भाऊजी झालो. नोंदणीच्या खिडकीतली क्लार्क तर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे, तीही भाऊजी म्हणते. आता निवृत्त होईपर्यंत हेच.

६ तारीख, गुरुवार

वहिनीची कामाची पद्धत मला आधी बालिश वाटली होती. ती सर्व्हरकडे बघतच नाही. माणसांकडे जाऊन बसते. कुठलंही काम दिसलं की विचारते, "हे कुणाला लागतं?" कुणाला सांगता आलं नाही की ते काम गुपचूप बंद करते आणि फोनजवळ बसून राहते. नियम एकच आहे. बोंब होईपर्यंत बंद. बोंब झाली की वाद घालायचा नाही, त्या क्षणी चालू करायचं, वर माफी मागायची. आधी मात्र कुणालाही सांगायचं नाही, "कारण सांगितलं की सगळ्यांनाच सगळं लागतं."

एक्स-रे विभागातून रोज सकाळी एक भलामोठा अहवाल निघतो आणि स्टोअरच्या प्रिंटरवर छापला जातो. ज्या डॉक्टरांसाठी तो सुरू केला होता ते केव्हाच निवृत्त झालेत. परवा वहिनीने तो बंद केला. आज बोंब झाली. स्टोअरकीपर तरातरा आले, "अहो, आमचे कागद कुठे गेले?" त्या अहवालाच्या पाठकोऱ्या कागदांत ते गोळ्या बांधून देत होते! सर्व्हर रोज सकाळी घाम गाळत होता तो पुड्या बांधायला. नियम म्हणजे नियम म्हणून वहिनीने माफी मागितली, आणि रद्दीतले दोन गठ्ठे त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले. ते खूश, सर्व्हर खूश. मी पोट धरून हसलो.

ताण कुठे कुठे उतरतो ते बारकाईने टिपता यावं म्हणून पहारा आता मिनिटाऐवजी दर दहा सेकंदांनी लावलाय.

७ तारीख, शुक्रवार

आज नोंदणीची खिडकी. क्लार्कबाई प्रत्येक पेशंटचं नाव घातलं की कळ तीन वेळा दाबतात. का, तर "पहिल्यांदा ऐकतच नाही मेलं." म्हणजे एकाच पेशंटसाठी सर्व्हर तीनदा पळतो, म्हणून आणखी हळू होतो, म्हणून क्लार्कबाई आणखी जोरात दाबतात. वहिनी त्यांना काही बोलली नाही. एकदा दाबल्यावर कळ करडी होईल आणि "ऐकलं हो, आणतोय" असं दिसेल एवढं मला करायला लावलं. दुपारी क्लार्कबाई म्हणाल्या, "बघा भाऊजी, आता कसा सरळ झाला! काल मी चांगली दाबली होती ना."

वहिनी हसली नाही. मी असतो तर बाईंना चार गोष्टी सुनावल्या असत्या. माणसाला चुकीचं न म्हणता चूक काढून घ्यायची ही कला तिच्याकडून शिकावी.

१० तारीख, सोमवार

आजचं मात्र सोन्याच्या अक्षरांनी लिहावं असं. लॅब, एक्स-रे आणि स्टोअर, तिघांचीही सगळ्यात जड कामं दुपारी एकला लागतात. वहिनीने तिघांना एका टेबलाशी बसवलं आणि विचारलं, एकलाच का? तिघेही एका सुरात म्हणाले, "तेव्हा जेवणाची सुट्टी असते ना, सर्व्हरवर कुणी नसतं." मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. असा हशा पिकला की विचारू नका.

मग नळावरच्या पाळ्या लावाव्यात तशा पाळ्या लावल्या. लॅब आधी, मग एक्स-रे, शेवटी स्टोअर. भांडण नाही, तंटा नाही. इतकी वर्षं मी या लोकांना चिठ्ठ्या पाठवतोय, सूचना लावतोय, आणि हिने एका चहात मिटवलं. दादाने हिच्यात काय पाहिलं होतं ते मला आज कळलं. हिने दादात काय पाहिलं ते अजून कळायचंय.

पण नवल हे की ताण म्हणावा तसा उतरत नाहीये. इतकं सगळं बंद करून रेघ वरच. कुठेतरी पाणी मुरतंय. मी पहारा आणखी कडक केला. आता दर दोन सेकंदांनी, आणि नुसतं विचारून थांबायचं नाही, प्रत्येक विभागाची प्रत्येक फाईल उघडून शेवटपर्यंत वाचून पाहायची. चोर सापडल्याशिवाय राहणार नाही.

१३ तारीख, गुरुवार

सापडला. सापडायला नको होता.

पहाऱ्याचे आकडे आता ओरडून सांगताहेत. कानांच्या विभागाच्या फायली एवढ्या वाचल्या जातात की बाकीचे चारही मिळून त्याच्या पासंगाला पुरत नाहीत. सोमवारपासून तर कहरच झालाय. डॉक्टरीणबाईंना विचारायला गेलो तर त्या म्हणाल्या, "दिवसाला चार-पाच मुलं येतात हो भाऊजी. तेवढ्याच फायली उघडतो आम्ही." खोटं बोलणारी बाई नव्हे, पण आकडे तर समोर आहेत.

फार गोड बाई. एवढ्या काळजीतही चहा पाजला. स्वतःच्या ऑपरेशनची गोष्ट सांगितली, की रात्रपाळीची नर्स इतकी कर्तव्यदक्ष होती की दर थोड्या वेळाने हलवून उठवायची आणि विचारायची, "बाई, झोप लागली का?" सकाळी बाईंचं ब्लडप्रेशर वाढलेलं पाहून तिने आणखी वेळा उठवायला सुरुवात केली. मी हसून हसून बेजार. काही काही माणसांना आपलं काय चाललंय ते कळतच नाही.

संध्याकाळी घरी वहिनीला सांगितलं की मी कानांच्या विभागाचं नाव देणार. ती भाजी निवडत होती. "हे आकडे कुठून आले?" मी म्हटलं, पहाऱ्यातून, दुसरे कुठून येणार? "हं," म्हणाली, आणि निवडत राहिली. त्या 'हं'ने माझं डोकं फिरलं. मी बोलून गेलो, "तुझी मुलगी तिथे जाते म्हणून तुला तो विभाग दिसत नाही. दुसरा कुठला असता तर तू केव्हाच बोट ठेवलं असतंस."

दादाने पेपर खाली ठेवला. वहिनी एवढंच म्हणाली, "महिना संपायचाय अजून, भाऊजी."

१४ तारीख, शुक्रवार

घरात अबोला. म्हणजे मीच धरलाय, ती नेहमीसारखीच बोलते. डब्यात आज दोन पोळ्या जास्त होत्या. खारू विचारत होती, "काका, नवी मशीन कधी मिळणार?" मी तिच्याकडे न बघताच "लवकर" म्हटलं, म्हणून तिला कळलंच नाही. तिला ओठ बघावे लागतात.

उद्या शनिवार. सोमवारी साहेबांना नाव सांगायचं म्हणतोय.

१७ तारीख, सोमवार

चमत्कार! सकाळी येऊन पाहतो तर रेघ पार तळाला. शनिवारी निघताना ताण डोक्याच्या वर होता, आणि आज सोमवारची गर्दी असूनही आकडा शंभरात बावीस. पाळ्या लावल्या, कळ करडी केली, त्याचा परिणाम दिसायला वेळ लागला असणार. नव्या चपलाही पायाला बसायला वेळ घेतातच. दुपारी एकला मी स्क्रीनसमोरच उभा राहिलो. एक वाजला, दीड वाजला, तरी बावीस. एकाही विभागाचा फोन नाही.

मी वहिनीपुढे जाऊन हात जोडले. म्हटलं, "मॅडम, मानलं तुम्हाला. त्या दिवशी बोललो ते परत घेतो." ती माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत होती, जणू मी आणखी काही बोलेन म्हणून. मग म्हणाली, "अजून काही सांगायचंय का?" मी म्हटलं, नाही, एवढंच.

मोठ्या मनाची बाई, पण कौतुक करून घेता येत नाही तिला.

१९ तारीख, बुधवार

बावीस. असा सर्व्हर मी उभ्या जन्मात पाहिला नाही. बाविसाचा साडेबावीससुद्धा होत नाही. रेघ अशी सरळ की पट्टीने आखावी. पेशंटांची एवढी गर्दी, तरी हा स्थितप्रज्ञ. मोठ्या साहेबांना मुद्दाम बोलावून स्क्रीन दाखवली. तेही थक्क झाले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "भाऊजी, याला म्हणतात काम." वहिनी मागे उभी होती. तिला खोकला आला.

२१ तारीख, शुक्रवार

बावीस. लिहिण्यासारखं काही नाही.

२४ तारीख, सोमवार

आज काय झालं ते सगळं लिहितो, अगदी जसंच्या तसं. माझी फजिती आहे, पण माझ्या फजितीपेक्षा मोठं काहीतरी आज घडलंय.

सकाळी स्क्रीन पुसत होतो. एवढी सुंदर रेघ, त्यावर धूळ नको म्हणून. पुसता पुसता कोपऱ्यातल्या तारखेवर फडका गेला. तारीख होती पंधरा. वेळ शनिवार संध्याकाळची. मी फडका आणखी जोरात फिरवला, डाग असेल म्हणून! मग डोक्यात प्रकाश पडला. गेला सबंध आठवडा मी एका मेलेल्या रेघेचं कौतुक करत होतो. पहारा बंद पडला होता.

तसाच धावत वहिनीच्या टेबलापाशी गेलो. "वहिनी! पहारा बंद पडलाय! शनिवारपासून!" मॅडमबिडम सगळं विसरलो. आजूबाजूचे चार जण वळून बघायला लागले.

तिने घड्याळ पाहिलं. कळफलकाकडे नेलेला हात क्षणभर थांबला. मग म्हणाली, "झाली बोंब. चुकलं माझं, माफ करा भाऊजी. मीच बंद केला होता. आत्ता चालू करते." आणि चालू केला.

मला वाटलं होतं, आता उपदेश येणार. एक शब्द नाही. हाताची घडी घालून फोनकडे बघत बसली. मी काही विचारणार तेवढ्यात लॅबचा फोन आला, अडकतंय हो. मग एक्स-रे. मग नोंदणीच्या क्लार्कबाई, "भाऊजी, ऐकलं हो म्हणतोय आणि आणत काहीच नाही!" भिंतीवर माझी हिरवी रेघ जिन्यासारखी चढत होती, आणि तिच्या खाली माझ्याच शब्दांत दिसत होतं: सर्वाधिक वाचन, कानांचा विभाग.

कानांचा विभाग नव्हे. मी. त्यांच्या अगडबंब फायली दर दोन सेकंदांनी उघडून, शेवटपर्यंत वाचून, सगळं ठीक आहे ना असं विचारणारा मीच होतो. आणि त्यांच्या नावाने बिल फाडणाराही मीच. जितका ताण वाढला तितकं मी जास्त विचारत गेलो. बावीस हा आकडाही पहारा बंद होताना, फायली वाचणं थांबल्यावर त्याने टिपलेला शेवटचा. डॉक्टरीणबाईंच्या त्या नर्सला हसलो होतो मी.

चौथा फोन डॉक्टरीणबाईंचा. "भाऊजी, मशीन जुळवताना पुन्हा मध्येच अडकलं. खारू खुर्चीत बसली आहे. आता तिसऱ्यांदा हिला परत पाठवू का?"

फोन तसाच टाकला आणि पहारा मी माझ्या हाताने बंद केला. रेघ थांबली. डॉक्टरीणबाईंचा पुन्हा फोन आला, सुरू झालं, चाललंय. वहिनीला विचारलं, "आज खारूची वेळ होती, तुला माहीत होतं?"

"मीच घेतली होती वेळ. सकाळी तुमच्या दादांनी सोडलं तिला."

"मग दहा मिनिटं थांबली असतीस! तिचं होऊ द्यायचं आणि मग चालू करायचा. कुणाला कळलं असतं?"

"बोंब झाली की त्या क्षणी चालू करायचं," ती म्हणाली. "एक्स-रेवाल्यांना एक नियम आणि माझ्या मुलीला दुसरा, असं कसं चालेल?" आवाज स्थिर होता, पण हात तिने टेबलाखाली धरले होते. अशा बाईला मी पक्षपाती म्हटलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही? नवव्या दिवशी बोंब मारलीत, भाऊजी. स्टोअरकीपर दोन दिवसांत आले होते."

मग मात्र ती हसली, आणि मीही. डोळे पुसत हसलो.

मोठ्या साहेबांना मी स्वतः जाऊन खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे कानांचा विभाग राहतोय ना? मग बास." पाचही विभाग राहताहेत. पहारा आता दिवसातून दोनदा विचारणार, तेही हळूच.

संध्याकाळचं राहिलं. नवी मशीन लावून खारू घरी आली ती गप्पच होती. कपाळाला आठी घालून पंखा, घड्याळ, माझ्या चपला, एकेका गोष्टीकडे वळून बघत होती. जेवायला बसल्यावर मी म्हटलं, "खारू, पाणी दे गं." तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. "काका, ओरडतोस कशाला? मी इथेच आहे ना." दादा घास हातात धरून तसाच बसला. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं की आम्ही या घरात नऊ वर्षं ओरडत होतो. मग आम्ही हळू बोलायला लागलो, आणि ते जमेना. दादा तर कुजबुजतानासुद्धा सभेत भाषण केल्यासारखा बोलतो. जेवणं होऊनही उठायचं कुणाला सुचेना.

वहिनी आमच्याकडे पाठ करून भांडी घासत होती. नळ चालू होता. नेहमीसारखी स्वतःशीच पुटपुटली, "तीनदा सांगितलं ताटं उचला म्हणून. ऐकू येतं का या घरात कुणाला!"

"मला येतं," खारू म्हणाली.

वहिनी वळली नाही. घासलेली वाटी तिने पुन्हा घासायला घेतली. ताटं मी उचलली.